अडखळणारे यंत्र : गंजगोलाईपासून चंद्रापर्यंत

१/
नांदेड वा लातूरमधल्या एखाद्या घरात नवा जुळवलेला संगणक येतो. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या, रॅम तिसऱ्या आणि ग्राफिक्स कार्ड चौथ्या. यंत्र सुरू होते, विंडोज चढते, सारे भाग ओळखले जातात. तरीही दर काही मिनिटांनी पडद्यावरचे सर्व काही अर्धा सेकंद थिजते, माउसचा बाण थबकतो, गाण्यात खरखर उठते आणि मग काहीच न घडल्यासारखे काम पुढे चालू होते. “मधीच अटकायलंय,” एवढेच त्याचे वर्णन दुकानात करता येते. दुकानात मात्र ते अटकत नाही.

या अर्ध्या सेकंदाला सुमारे ७० वर्षांचा इतिहास आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/
बंद पडलेल्या यंत्राचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. भाग जळाला की जळालेला दिसतो, बदलला की यंत्र चालते. अडखळणारे यंत्र मात्र फितूर साक्षीदारासारखे वागते. घरी एक सांगते, दुकानात दुसरेच. प्रत्येक भाग सुटा तपासला तर निर्दोष ठरतो. ग्राहकाला वाटते, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. दुकानदाराला वाटते, ग्राहकाला उगीच संशय येतो आहे. विवाहसोहळ्यांचे चित्रीकरण संपादित करणारा, छपाईची कामे घेणारा किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी अनेक महिन्यांची बचत यात घालतो. त्यामुळे हा वाद केवळ तांत्रिक राहत नाही.

३/
या वादाचे मूळ १९८१ मध्ये आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाईत बनवलेल्या या यंत्राचा प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची, तर फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीची होती. रचना खुली असल्याने जगभर सुसंगत भाग बनू लागले आणि कोणालाही संगणक जुळवता येऊ लागला.

भारतात १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरील आयात शुल्क शून्यावर आले. दरम्यान २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि ‘एमएस-सीआयटी’ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याआधीच, १९९४ मध्ये, उभे राहिले होते. मराठवाड्यातील संगणक प्रामुख्याने या काळाचे अपत्य.

४/
खुल्या रचनेने संगणक स्वस्त केला, पण जबाबदारीचे तुकडे केले. प्रत्येक भागाची हमी वेगळी, हमीपत्र वेगळे, सेवा केंद्र वेगळे. हे सर्व भाग एकमेकांशी नीट वागतील याची हमी मात्र कोणाच्याच कागदावर नसते.

याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला ‘टिफरॅक’ पाहावा. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका आणि १२,५०० रोधक होते. तो बांधणाऱ्या गटातील बहुतेकांना संगणक बांधण्याचा पूर्वानुभव नव्हता. पण यंत्रातील जोडण्या त्यांच्याच हातच्या होत्या. दोष उद्भवला तर ‘तो आमचा भाग नव्हे’ असे म्हणायला तिथे दुसरी कंपनी नव्हती.

५/
दोष मुद्दाम बाहेर काढण्याची कला त्याही आधीची आहे. अमेरिकेतील एमआयटीत १९५० च्या सुमारास ‘व्हर्लविंड’ संगणक उभा राहत होता. त्यातील नलिका एकाएकी मरत नसत. हळूहळू अशक्त होत आणि मधूनच चूक करीत. जे फॉरेस्टर यांच्या गटाने यावर उपाय काढला. कामाच्या वेळेबाहेर यंत्राच्या एकेका विभागाचा विद्युतदाब मुद्दाम थोडा वरखाली करायचा. सशक्त नलिका तो ताण सोसते, अशक्त नलिका तिथेच उघडी पडते.

आज रात्रभर चालवली जाणारी रॅमची चाचणी ही त्याच विचाराची वंशज. तिची उलट बाजूही तितकीच उपयोगी आहे. नव्या रॅमवर छापलेला वेग बहुधा ‘एक्सएमपी’ या वाढीव मांडणीचा असतो. तो बंद करून रॅम मूळ वेगावर आणली आणि अडखळणे थांबले, तर तपासाची दिशा मिळते. दोष आपल्या इच्छेने आणता वा घालवता आला, की तो अर्धा सापडला.

६/
मराठवाड्यात पहिला संशय विजेवर जातो आणि त्यालाही इतिहास आहे. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. त्याच काळात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्राचे तास गिळले. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि यूपीएस हे शब्द त्या वर्षांत घरोघरी रुळले.

तथापि, संगणकाचा पॉवर सप्लाय मोठ्या पट्ट्यातला विद्युतदाब पचवतो. चांगल्या दर्जाचा सप्लाय सेकंदाच्या साधारण साठाव्या भागाइतका खंड स्वतःच्या साठ्यावर निभावून नेतो. त्याहून मोठा खंड पडला तर संगणक बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो. अर्धा सेकंद थांबून पुढे चालत नाही. म्हणून बंद न पडता नुसत्या अडखळणाऱ्या यंत्रात वीज हे कारण क्वचितच असते. सवयीचा आरोपी दर वेळी खरा आरोपी नसतो.

७/
उन्हाळा मात्र खरा आरोपी ठरू शकतो. प्रोसेसरने तापल्यावर स्वतःचा वेग घटवावा ही सोय इंटेलच्या ‘पेंटियम ४’ मध्ये नोव्हेंबर २००० मध्ये आली. सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक निर्दय प्रयोग केला. खेळ चालू असतानाच प्रोसेसरवरचा पंखा व उष्णताशोषक उचलून घेतला. एएमडीचे ‘अॅथलॉन’ प्रोसेसर जळाले, ‘पेंटियम ३’ थिजला, तर ‘पेंटियम ४’ मंदावला, पण चालत राहिला. शोषक परत ठेवताच तो पूर्ववत झाला.

तेव्हापासून अडखळण्याचा एक नवा अर्थ निर्माण झाला. कधी कधी ते यंत्राचे आत्मरक्षण असते. मे महिन्यातल्या नांदेडात पारा ४० अंशांपलीकडे असताना, शोषकाखालची प्लास्टिकची पापुद्री काढायची राहिली असेल किंवा पंखे उलट दिशेने बसले असतील, तर प्रोसेसर वेग घटवणारच. तापमान व वेग यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले की हे दिसते.

८/
पुढचे कारण समजून घ्यायला लातूरची गंजगोलाई उपयोगी पडते. मधोमध देवीचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. सोळांपैकी एका रस्त्याच्या तोंडाशी एखादा ट्रक आडवा थांबला, तर उरलेले १५ रस्ते मोकळे असूनही गोलाई तुंबते.

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या संगणकात प्रोसेसरकडे येणाऱ्या ‘इंटरप्ट’च्या वाटाही १६ होत्या. कीबोर्ड, डिस्क, छपाईयंत्र यांपैकी कोणालाही काही सांगायचे झाले की ते आपल्या वाटेने हाक देते; प्रोसेसर हातचे काम बाजूला ठेवून ती ऐकतो. नव्वदच्या दशकात दोन कार्डे एकाच वाटेवर आली की भांडण ठरलेले. तारखेच्या कागदाएवढ्या जागेत बारीक जंपर बदलत बसणे हे तेव्हाच्या जुळवणीचे अविभाज्य अंग होते.

९/
आज वाटांची टंचाई राहिलेली नाही, पण गोलाईचा नियम तसाच आहे. एखाद्या भागाच्या ड्रायव्हरने हाक ऐकवताना गरजेपेक्षा जास्त वेळ प्रोसेसर अडवला, की ध्वनीला वेळेवर पुढचा तुकडा मिळत नाही आणि खरखर ऐकू येते. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी हे टळत नाही. वायफाय, नेटवर्क, ध्वनी आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर यात वारंवार सापडतात.

‘लेटन्सीमॉन’सारखी साधने नेमका कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी दाखवतात. गोलाई तुंबल्यावर साऱ्या बाजाराला दोष देण्यापेक्षा कोणता ट्रक आडवा आहे ते पाहावे, इतकाच त्याचा अर्थ.

१०/
याच प्रकारच्या हाकेने २० जुलै १९६९ रोजी चंद्रावरचे पहिले मानवी अवतरण धोक्यात आणले होते. अपोलो ११ चे यान खाली उतरत असताना संगणकाने ‘१२०२’ हा इशारा दिला. अर्थ असा, की कामे साठत आहेत, वेळ पुरत नाही.

नंतर कारण उलगडले. परतीच्या भेटीसाठी असलेले रडार आणि संगणक यांना ८०० हर्ट्झच्या दोन वेगवेगळ्या स्रोतांतून वीज मिळत होती. दोहोंची वारंवारता एकच, पण लहरींची सुरुवात जुळलेली नव्हती. रडारच्या स्विचच्या विशिष्ट स्थितीत या बेमेळामुळे संगणकाकडे निरर्थक संकेतांचा वर्षाव झाला आणि ते मोजण्यातच त्याचा सुमारे १५ टक्के वेळ जाऊ लागला.

११/
यातील सर्वांत बोलकी गोष्ट कागदपत्रांत आहे. दोन्ही यंत्रणांच्या जोडणीविषयीच्या दस्तऐवजात वारंवारता समान असावी असे लिहिले होते. लहरींचा टप्पाही जुळावा, हे लिहायचे राहून गेले. रडार बनवणाऱ्यांचे रडार अचूक होते आणि संगणक बनवणाऱ्यांचा संगणकही. चूक होती ती दोहोंच्या मधल्या जागेत, जिथे कोणाचीच मालकी नव्हती.

अवतरण निभावले, कारण संगणकाची प्रणाली अशा प्रसंगासाठी रचली होती. ताण वाढताच तिने बिनमहत्त्वाची कामे सोडून दिली आणि यान उतरवण्याचे काम धरून ठेवले. एमआयटीतील अभियंत्यांनी चंद्रावरून परतीचे उड्डाण होण्यापूर्वीच कारण हेरून स्विचची योग्य स्थिती कळवली.

१२/
दुसरे प्रकरण मंगळावरचे. ४ जुलै १९९७ रोजी ‘मार्स पाथफाइंडर’ उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार स्वतःला पुन्हा सुरू करू लागला.

कारण एखाद्या जुन्या कचेरीचे उदाहरण घेऊन सांगता येईल. दप्तरखान्याची एकमेव किल्ली शिपायाकडे आहे. साहेबांना दप्तर हवे आहे, म्हणून ते शिपायाची वाट पाहत आहेत. पण शिपायाला मधल्या कारकुनांनी आपल्या कामांसाठी अडवून ठेवले आहे. परिणामी सर्वांत तातडीचे काम सर्वांत मागे पडते. यानावर शिपायाच्या जागी हवामानाची नोंद घेणारे काम होते, तर साहेबांच्या जागी माहितीच्या देवाणघेवाणीवर देखरेख ठेवणारे. ते वेळेत होत नाही असे दिसताच सुरक्षा व्यवस्था सारे यंत्रच पुन्हा सुरू करी.

१३/
जेपीएल प्रयोगशाळेत यानाची हुबेहूब प्रतिकृती होती. अभियंत्यांनी तिच्यावर तेच काम पुन्हा पुन्हा चालवले, प्रत्येक घटनेची नोंद ठेवली आणि दोष पृथ्वीवर घडवून आणला. मग किल्ली हातात असेपर्यंत शिपायालाही साहेबांइतका मान मिळावा, अशी एक छोटी दुरुस्ती मंगळाकडे धाडली आणि प्रश्न मिटला.

हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही डोकावला होता. तो पुन्हा घडवता न आल्याने मागे पडला. ‘दुकानात अटकत नाही’ या वाक्याचे हे आंतरग्रहीय रूप होय.

१४/
अडखळणे मोजायचे कसे, हा प्रश्न याहून उशिरा सुटला. लातूरच्या नागरिकांना त्याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हते. एखाद्याने वर्षभराच्या पाण्याची रोजची सरासरी काढून दाखवली असती, तर त्या आकड्याने कोणाची घागर भरली असती? दोन वेळच्या पाण्यामधला खंड किती दिवसांचा, हाच त्या शहराचा खरा आकडा होता.

१५/
संगणकाच्या चाचण्या मात्र अनेक वर्षे सरासरीवरच चालल्या. सेकंदाला किती फ्रेम दिसतात, एवढेच मोजले जाई. ६० फ्रेमच्या गतीत प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा ४८ फ्रेम त्याच गतीने आल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रखडली. त्या सेकंदाची गणना ४९ भरते. आकडा उत्तम, डोळ्यांना मात्र ठळक हिसका.

२०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक फ्रेमचा वेळ स्वतंत्र मोजण्याचा आग्रह धरला. सरासरीत उत्तम ठरणारी काही ग्राफिक्स कार्डे त्या मापनात अडखळताना दिसू लागली. ग्राहकांची तक्रार खरी होती. मोजपट्टी चुकीची होती.

१६/
आणखी एक कारण रेल्वेच्या इतिहासातून समजते. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग १९११ मध्ये लातूरला पोहोचला. पुढे ब्रॉडगेजवर जाणारा माल कुर्डुवाडीला एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागे. नांदेड मीटरगेजवर होते, तिथल्या मालाला हीच उठाठेव मनमाडला करावी लागे. दोन्ही मार्ग आपापल्या जागी ठीक. खोळंबा व्हायचा तो सांध्यावर.

वेगवान प्रोसेसरला जुनी हार्ड डिस्क जोडणे, दोन रॅमपट्ट्यांच्या जागी एकच बसवणे किंवा ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच्या संथ खाचेत लावणे, ही आजची कुर्डुवाडी. मदरबोर्डची पुस्तिका उघडून कोणती खाच कशासाठी आहे हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात.

१७/
हा सारा इतिहास एकत्र आणणारे प्रकरण अगदी अलीकडचे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय अनिवार्य केली. अनेक संगणकांत ती वेगळ्या चिपऐवजी फर्मवेअरमध्येच असते. त्यानंतर एएमडीच्या रायझन प्रोसेसरवरील काही संगणक मधूनच थिजू लागल्याच्या तक्रारी वाढल्या.

मार्च २०२२ मध्ये एएमडीने कारण मान्य केले. ही सुरक्षा सोय मदरबोर्डवरच्या छोट्या स्मृतिचिपशी अधूनमधून लांबलचक व्यवहार करी आणि तो संपेपर्यंत संगणक खोळंबून राही. मे २०२२ पासून सुधारित बायोस उपलब्ध होऊ लागले. २०२३ मध्ये हाच दोष लिनक्समध्येही डोके वर काढू लागला, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती सोय यादृच्छिक आकड्यांसाठी वापरणे बंद करावे असे सुचवले.

१८/
त्या काळात अडखळणाऱ्या संगणकाचा मालक काय करू शकत होता? रॅम बदलली तरी दोष जात नव्हता. ग्राफिक्स कार्ड बदलले तरी नाही. विंडोज पुन्हा चढवली तरी नाही. कारण प्रोसेसर, रॅम, कार्ड, डिस्क यांपैकी एकही भाग बिघडलेला नव्हता. दुकानदार खोटे बोलत नव्हता, ग्राहकही नाही. दोष होता तो सुरक्षेची सोय, तिची स्मृतिचिप आणि उरलेले यंत्र यांच्या वेळेच्या हिशेबात. अपोलोच्या दस्तऐवजातील न लिहिलेल्या ओळीचाच हा नवा अवतार होता.

१९/
या ७० वर्षांतून तपासाचा एक क्रम हाती येतो.

• प्रथम नोंद : केव्हा अडखळते, किती वेळ, काय चालू असताना, ध्वनीसह की ध्वनीविना.
• मग तापमान आणि प्रोसेसरचा वेग.
• मग रॅम मूळ वेगावर आणून पाहणे, आणि रात्रभराची चाचणी.
• मग ड्रायव्हरचा वेळ मोजणे.
• मग बायोस : उत्पादकाच्या संकेतस्थळावरील नोंदी वाचून, वीज जाणार नाही अशा वेळी, यूपीएसवर अद्ययावत करणे.
• मग डिस्कची प्रकृती आणि प्रत्येक भागाची खाच.
• आणि सर्वांत शेवटी, विकत घेण्याआधी, उसना भाग लावून पाहणे.

एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही. परत आला तर सारे पुन्हा मुळापासून.

२०/
हा क्रम बहुतेक वेळा नेमका उलटा वापरला जातो. आधी सर्वांत महाग भाग बदलला जातो, शेवटी फुकटची तपासणी होते. त्यात पैसा जातो आणि दुकानदार व ग्राहक यांच्यातले संबंधही जातात. लहान शहरात तो तोटा अधिक जाणवतो, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढायची असते.

व्हर्लविंडच्या खोलीत, जेपीएलच्या प्रतिकृतीपाशी आणि एमआयटीच्या टेबलांवर ज्यांनी हा दोष शोधला, त्यांच्याकडे साधने वेगवेगळी होती. नोंदवही मात्र तिन्ही ठिकाणी होती. नव्या संगणकासोबत हमीपत्रांचा गठ्ठा मिळतो. त्यात दहा रुपयांची एक वही घालावी आणि पहिल्या पानावर पहिल्या अडखळण्याची वेळ लिहावी. पुढे दुकानात गेल्यावर ‘मधीच अटकायलंय’ या वाक्याला तारीख, वेळ आणि पुरावा असेल.

#मराठी_थ्रेड #विज्ञानेतिहास #मराठवाडा